आठ घोड्यांचा ताप

साम्राज्यं तलवारीच्या जोरावर उभी राहतात आणि डोकं तापल्यामुळे कोसळतात. ज्याला वेळेवर थंड होता आलं, तोच इतिहासात टिकला. हा सिद्धान्त मी ताईच्या गॅरेजात, पालथ्या बादलीवर बसून मांडला.

"झालं? मग दहाचा पाना दे," ताई म्हणाली.

मी बाराचा दिला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. उभा जन्म मूत्रविकारांच्या वॉर्डात नर्स म्हणून गेला. निवृत्त झाली ती हेड सिस्टर म्हणून, आणि घरी आली तीही हेड सिस्टर म्हणूनच. आमचे भाऊजीसुद्धा तिला 'सिस्टर' अशीच हाक मारतात. तिच्यासमोर पाण्यानं भरलेल्या पिंपाच्या काठावर त्यांच्या होडीचं इंजिन अडकवलेलं होतं. आठ घोड्यांची ताकद, वयानं तिच्या मुलाच्या बरोबरीचं आणि स्वभावानंही त्याच्यासारखंच, जरा काम सांगितलं की तापणारं.

गेल्या आठवड्यात ते ऐन खाडीत तापून बंद पडलं. ताई आणि भाऊजी वाहत वाहत पुलाच्या खांबाला जाऊन टेकले आणि मासेमारांनी त्यांना दोर लावून घरी आणलं. धक्क्यावर सगळे हसले. चिरंजीव मात्र हसला नाही, घाबरला, आणि घाबरलेला मुलगा करतो तेच त्यानं केलं. होडीला गिऱ्हाईक शोधलं. पलीकडच्या काठावरचे एक हॉटेलवाले ती दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावणार होते. ते आजच संध्याकाळी येणार होते.

"त्यांच्यासमोर खाडीत तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून न थांबता परत आलो, तर होडी घरची," ताईनं बजावलं होतं.

"आणि नाही आलात तर?"

"तर लाव झेंडू."

चिरंजीव हसून हो म्हणाला होता.

पण ताईला खरी काळजी होती ती भाऊजींची. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ते घरात बोलत नाहीत. भात वाढू का विचारलं तर मान हलवतात, आणि ती हो की नाही हे ताटात भात पडल्यावरच कळतं. होडीत मात्र इंजिनाचा दांडा हातात आला की "दोर सोड", "मध्ये बस", "तो गाढव आडवा येतोय बघ" असं अखंड सुरू होतं. ताईच्या लेखी ती होडी म्हणजे औषध होतं. औषधात कुणी फुलझाडं लावतं का?

तिनं दोरी ओढली. इंजिन खोकलं, सुरू झालं. भाऊजी खुर्चीतून टक लावून बघत होते.

"या इंजिनाला पाणी खालून लागतं," ताई मला समजावू लागली. "पायातून ओढायचं, पंपानं वर चढवायचं, अंगभर फिरवायचं आणि मागच्या भोकातून सोडायचं. आता भोक बघ."

भोक कोरडं होतं.

"लघवी बंद," ताईनं निदान केलं. दाराशी चहा घेऊन आलेली सूनबाई कप ठेवून तशीच मागं फिरली.

ताईनं इंजिन बंद करून भोकात बारीक तार घातली. तार सरळ आत गेली, काही अडलं नाही. "इथं नाही. वर सरकू या." माझ्या मदतीनं, म्हणजे मी बाजूला झाल्यावर, तिनं इंजिनाचा खालचा पाय सोडवला. आत पंपाचा रबरी पंखा होता. त्याची तीन पाती तुटलेली.

"नवा आहे माझ्याकडे. आधी तुकडे शोध."

"तुटलेल्या रबराचं काय करायचंय?"

"अरे शहाण्या, ऑपरेशननंतर कापसाचे बोळे मोजतात. एक कमी भरला तर तो पोटात असतो. तीन पाती गेली, तीन तुकडे हवेत."

दोन पंपातच सापडले. तिसऱ्यासाठी ताईनं इंजिनाचं डोकं उघडलं. इंजिन गरम झालं की उघडणारी एक चिमुकली झडप तिथं असते. तुकडा तिच्या तोंडात बसला होता. झडप धड आहे का हे बघायला ती सूनबाईंच्या दुधाच्या पातेल्यात उकळवण्यात आली. झडप उघडली. सूनबाईंचं तोंड मिटलं ते मिटलंच.

सगळं जोडून पुन्हा दोरी ओढली. भोकातून थेंब आला. मग दुसरा.

"आई," चिरंजीव दारातून म्हणाला, "ते निघालेत तिकडून. आता पुरे कर ना."

"धार हवी. हे थेंबथेंब चालायचं नाही."

"अगं, वय झालंय त्याचं!"

"वय माझंही झालंय. मला विकतोस?"

मी मामा, म्हणून चिरंजीवानं माझ्याकडे पाहिलं. मी पान्यांकडे पाहिलं.

ताईनं इंजिन बंद केलं आणि जमिनीवरच बसली. मला वाटलं, हरली. पण ती इंजिनाच्या पायाकडे बघत होती. "पंप नवा, झडप मोकळी, भोक मोकळं. म्हणजे पाणी आतच पुरेसं येत नाहीये." पाण्याखाली राहणाऱ्या त्या पायाला बाजूनं एक जाळी असते, पाणी तिच्यातून आत शिरतं. ताईनं तिचे स्क्रू काढले. जाळी निघाली. तिच्यामागं, चिखलानं काळी पडून गोवरीसारखी घट्ट झालेली, जखमेवर बांधायच्या पट्टीची घडी निघाली. चार पदरी, कडा आत मुडपलेल्या.

ज्या बाईनं अख्ख्या नोकरीत एकही बोळा पेशंटच्या पोटात राहू दिला नव्हता, तिच्या हातात ती पट्टी होती.

"घडी ओळखीची वाटते, सिस्टर," भाऊजी म्हणाले. होडीबाहेर, कित्येक महिन्यांनी, पूर्ण वाक्य.

"गेल्या साली शेवाळ जात होतं आत," ताई सावकाश म्हणाली. "म्हटलं, गाळून गेलेलं बरं. मग बदलायची राहिली."

"म्हणजे हा सगळा घोळ तूच..." चिरंजीवाला हसू आवरेना.

"हो, मीच. पट्टी माझी, पंखा सुका पडून तुटला तो माझ्यामुळे. आणि आता होडी पाण्यात लोटणारीही मीच. हसून झालं असेल तर त्या बाजूनं धर."

त्यानं धरलं.

धक्क्यावर हॉटेलवाले उभेच होते. ते लांबीरुंदी मापू लागले तेवढ्यात आम्ही निघालो. भाऊजी दांड्यावर, ताई मागं वाकून धारेकडे डोळे लावून, मी मध्ये, जिथं बसायला सांगितलं तिथं. धार सुटली होती, बोटभर जाडीची, कमानदार. ताई मधूनच इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवून ताप बघत होती.

वारा समोरून होता. पाण्याचे फवारे तोंडावर येत होते. भाऊजी ताठ बसून मला दरडावत होते. "बोया कुठं आहे? सांग!" मी शाळेतल्या पोरासारखं डावीकडे म्हणून सांगितलं. "किती लांब? नीट बोल!" माणूस परत कप्तान झाला होता. वळसा घेताना आम्ही बोयाला हलकेच घासून गेलो. ती मला त्यांची मिजास वाटली.

इंजिन थांबलं नाही. ताप वाढला नाही. धक्क्याला लागलो तेव्हा हॉटेलवाल्यांनी फीत गुंडाळून खिशात टाकली आणि चिरंजीवाचा खांदा थोपटला. चिरंजीव खाली वाकला आणि वडिलांना वर घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढं केले.

भाऊजींनी त्याचा हात घट्ट धरला. ताईनं पदर डोळ्यांना लावला.

"बाळा," भाऊजी म्हणाले, "चष्मा पुसून दे जरा. निघाल्यापासून काही दिसत नाहीये."