झीनामावशीचा आवाज

२००४ साली आम्ही शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहायला आलो. नवरा, सिद्धेश, ऑफिसला गेला की घरात मी आणि चार वर्षांची इला, दोघीच. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. पुण्यात मी हौशी नाटकांत कामं करायचे. इथे धड गप्पा मारायलाही कोणी नव्हतं.

झिनाइदा लव्होव्हना मला बिल्डिंगच्या लाँड्रीत भेटली. सत्तरीची, ताठ, ओठांना लाल लिपस्टिक, गळ्यात रेशमी स्कार्फ.

"कुठे बाहेर निघालात का?" मी इंग्रजीत विचारलं.

"बाहेरच आहे की. माझं घर वर, तिसऱ्या मजल्यावर."

मला हसू आलं. तिने माझ्या चादरीचं दुसरं टोक धरलं आणि घड्या घालता घालता ओळख झाली. तिचं नाव जिभेवर बसेना, म्हणून मी तिला झीनामावशी म्हणायला लागले. मावशी म्हणजे आईची बहीण, हे सांगितल्यावर म्हणाली, "चालेल. इथे मी सगळ्यांना फक्त लारिसाची आई."

पुढे दुपारी ती आमच्याकडे यायची. काळा चहा, बशीत चेरीचा मुरांबा, आणि तिच्या गोष्टी. लेनिनग्राडच्या रंगभूमीवर तिने बारा वर्षं काम केलं होतं. सिनेमात मात्र नर्स, ट्रामची कंडक्टर, नवरीची मैत्रीण, असली किरकोळ कामं. मग बत्तिसाव्या वर्षी एकदाच नायिकेची भूमिका मिळाली, नदीवर होडी चालवणाऱ्या विधवेची. सिनेमा पुरा व्हायच्या आत वरून हुकूम आला, बंद करा.

"का गं?"

"म्हणाले, आपल्या देशातली विधवा इतकी उदास कशी?"

त्यानंतर नाटकातल्या भूमिकाही आटत गेल्या. एकोणऐंशी साली लेक-जावयाबरोबर ती अमेरिकेत आली, कोट शिवले, नातवंडं वाढवली. तो सिनेमा वीस वर्षांनी रशियात दाखवला म्हणे, पण तिने कधीच पाहिला नव्हता.

आमचं वाणसामान आणि तिची रशियन दुकानं शिकागोच्या एकाच रस्त्यावर होती, डेव्हनला. एका शनिवारी मी डाळ-तांदूळ गाडीत ठेवून तिला आणायला गेले, तर ती डीव्हीडीच्या रॅकपाशी खिळून उभी. हातातल्या कव्हरवर होडीत बसलेली एक तरुण बाई. डोळे तेच होते.

सोमवारी दुपारी आम्ही तो सिनेमा लावला. इला मावशीच्या मांडीवर. धुकं, नदी, वल्हं मारणारी ती. मग पडद्यावरची झीना वळली आणि काहीतरी बोलली. सोफ्यावरच्या झीनाने माझा हात घट्ट धरला.

"हा माझा आवाज नाही."

नदीच्या गोंगाटामुळे संवाद नंतर स्टुडिओत भरायचे ठरले होते. ती वेळ आलीच नाही. सिनेमावरची बंदी उठली तेव्हा ही अमेरिकेत, मग दुसऱ्याच कुणीतरी आवाज दिला.

थोडा वेळ तिने ऐकून घेतलं. "बोलते चांगली. पण ही बाई कधी उपाशी राहिलेली नाही." मग म्हणाली, "आवाज बंद कर."

मी केला. मावशी उभी राहिली. पडद्यावरचे ओठ हलले आणि खोलीत तिचा आवाज उमटला, खरखरीत, खालचा, म्हातारा. एक शब्द अडला नाही. रशियन मला ओ की ठो येत नव्हतं, तरी माझे डोळे वाहायला लागले.

"मम्मा, नाऊ इट्स हर!" इला ओरडली.

लारिसा आईला न्यायला आली होती. ती अंगातला कोट न काढता दारातच उभी राहिली. आईला अभिनय करताना तिने लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं.

लारिसानेच पुढे रशियन ज्येष्ठांच्या हॉलमध्ये प्रयोग ठरवला. माझं काम रिमोट सांभाळण्याचं. मावशीचं वाक्य आलं की आवाज बंद, संपलं की चालू. त्यासाठी मला अख्खा सिनेमा पाठ करावा लागला. एकदा आवाज चालू करायचं बटण उशिरा दाबलं, तर मावशीने तो क्षण सुस्काऱ्याने भरून काढला! संपल्यावर ते म्हातारे लोक उठून उभे राहिले आणि बराच वेळ कोणी बसेना.

त्या अनुभवाने मलाही चेव आला. पुढच्या गणपतीत मी महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात सासूचं काम केलं. मावशी पहिल्या रांगेत, स्कार्फ लावून. नंतर मेकअप पुसत होते तेव्हा आत आली.

"दुसऱ्या अंकात तू खोटं रडलीस."

"मावशी, तुला मराठी कुठे कळतं?"

"रडणं कळतं." आणि तिने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.

२००८च्या मार्चमध्ये ती गेली. त्या वर्षीही मी नाटकात होते, आणि दुसऱ्या अंकात रडायचा प्रसंग आला तेव्हा अजिबात रडले नाही. नुसती गप्प उभी राहिले. हॉल शांत झाला होता.