पक्केकाकांची किटली आणि आंबट जास्वंद

मित्रांनो, स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर जी पांढरी, निळ्या काठाची किटली दिसते ना, ती मी. माझं नाक जरा वाकडं आहे, म्हणून हसू नका. तुम्ही तीन पायऱ्यांवरून गडगडत गेला असतात, तर तुमचंही सरळ राहिलं नसतं. वय झालं आहे माझं, पण अजून गळत नाही. एवढं स्वतःविषयी अभिमानानं सांगते आणि मग मुद्द्यावर येते.

जन्मले तेव्हा मी नुसता लोखंडाचा पत्रा होते. कारखान्यात यंत्रानं दाबून मला पोट दिलं, एका बाईनं नाक जोडलं, दुसरीनं कान. मग मला पांढऱ्या दाट लगद्यात बुडवून भट्टीत ठेवलं. भट्टी म्हणजे काय ते विचारूच नका! पण बाहेर आले ती काचेसारखी गुळगुळीत होऊन, आतून-बाहेरून पांढरीशुभ्र. या कातडीला इनॅमल म्हणतात. ही कातडी शाबूत असेपर्यंत माझ्यात आंबट घाला, खारट घाला, मला काही होत नाही. कातडीखाली मात्र मी साधं लोखंडच आहे.

दुकानातून मला काकूंनी उचललं. त्यांनी माझ्या पोटावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "हिचा आवाज चांगला आहे." बाकीच्या किटल्या हिरमुसल्या. मी त्या दिवसापासून काकूंची झाले.

काकूंचे यजमान रंगारी. पुढे रंगकामाची जागा, मागे दोन खोल्यांचं घर. पुढच्या जागेत तीन मोठे हंडे, कापड ढवळायच्या लांब काठ्या, वाळत घालायच्या दोऱ्या आणि धुण्याच्या सोड्याचा डबा. रंगारी दिवसभर हंड्यावर वाकलेले. कुणी कापड घेऊन आलं की ते छातीवर हात ठेवून सांगायचे, "रंग पक्का आहे, निर्धास्त राहा." म्हणून सगळी गल्ली त्यांना पक्केकाका म्हणू लागली. लाल रंगात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. डाळिंबी, शेंदरी, विटकरी, मेंदीसारखा लालसर, किती म्हणून लाल! डोळे मिटून नुसत्या वासावरून लाल ओळखतो, अशी फुशारकीही ते मारायचे. ती थोडी खोटी होती.

एकदा त्यांनी माझ्यात चक्क निळा रंग विरघळवला होता. काकूंनी ते पाहिलं आणि मग जे काय झालं! "पुन्हा हिला हात लावलात तर तुम्हालाच हंड्यात बुडवीन," असं त्या म्हणाल्या होत्या. तीन दिवस त्यांनी मला घासलं. माझ्यासाठी कुणी इतकं भांडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

वर्षानुवर्षं मी सकाळी चहाचं, दुपारी अंगाला शेकायचं आणि पाहुणे आले की पुन्हा चहाचं पाणी तापवलं. मग एकदा पायऱ्यांवरून पडले. नाक वाकलं आणि आत, अगदी तळाशी, नखाएवढा टवका उडाला. त्याच सुमारास घरात विजेची किटली आली. बटण दाबलं की दोन मिनिटांत पाणी उकळून मोकळी! मला माळ्यावर ठेवलं आणि माझ्या पोटात सुतळीचं रीळ टाकलं. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते. पण तक्रार कुणाकडे करणार? रीळ काही बोलायचं नाही.

आता खरी गोष्ट सांगते. हंड्यावर वाकून वाकून काकांची कंबर धरायची, म्हणून ते कुणाला न विचारता दुखण्याच्या गोळ्या खायचे. तेही सकाळी, रिकाम्या पोटी. पुढे पोटात आग पडायला लागली, जेवण जाईना. काकूंनी त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दुर्बिणीची तपासणी झाली आणि कळलं, की जठराच्या आतल्या अस्तरावर जखम आहे. अल्सर. डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांची औषधं दिली आणि दुखण्याच्या गोळ्या सक्त बंद केल्या.

तीन आठवड्यांत काकांना बरं वाटलं. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ताईंनी, भावासाठी पिशवीभर जास्वंद आणली. कुंपणावर शोभेला लावतात ती नव्हे बरं का, तिच्याच जातीतली, आंबट लाल बोंडांची. ताईंनी ती अंगणात लावून, निवडून, सावलीत वाळवली होती. "उकळून पी. पोटाला थंडावा मिळतो म्हणतात," त्या म्हणाल्या. म्हणतात, म्हणजे कोण म्हणतं, ते कुणी विचारलं नाही. बहिणीनं मायेनं आणलेलं, त्यात काय विचारायचं?

काकू म्हणाल्या, "विजेच्या किटलीत नको हं, डाग पडतील." म्हणून मला माळ्यावरून काढलं, रीळ बाहेर आलं, मला घासलं, पुसलं. मित्रांनो, मी किती खूश झाले म्हणून सांगू! माझ्या पोटात पाणी खदखदलं, लाल बोंडं उलगडली आणि सगळ्या घराला आंबूस वास सुटला. पेल्यात ओतलं तर माणकासारखं लाल पेय. काका पेला उजेडात धरून म्हणाले, "वा! असा लाल मला एवढ्या वर्षांत साधला नाही."

पहिल्यांदा एक पेला, मग तीन, मग पाच. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी पहिला. आणि काकांनी मनाशी ठरवून टाकलं, की फुलानं काम होतंय तर औषध कशाला? डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या त्यांनी सोड्याच्या डब्यामागे ठेवून दिल्या. बरं वाटतंय म्हणून पुन्हा हंड्यावर वाकले, कंबर पुन्हा धरली आणि दुखण्याची गोळी पुन्हा सुरू झाली. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. मधे डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "दुसरं काही घेता का?" काका म्हणाले, "छे छे, काही नाही." ते खोटं बोलत होते असं नाही. दुखण्याच्या गोळीला ते कामाची गोळी समजत होते आणि जास्वंदीला फूल.

मला मात्र काहीतरी जाणवायला लागलं होतं. त्या आंबट पाण्याचं माझ्या पांढऱ्या कातडीला काहीच होत नव्हतं. पण तळाशी जिथे टवका उडाला होता, तिथे ते झोंबायचं. नखाएवढी जागा रुपयाएवढी झाली, कडा तांबेरल्या. मला वाटलं, काकांच्या पोटातही असाच टवका उडालाय आणि मी त्यावर रोज पाच पेले ओततेय. ओरडून सांगावंसं वाटायचं. पण किटलीला काय येतं? झाकण थडथडवणं. ते मी जीव तोडून केलं. काकूंनी गॅस बारीक केला.

पोटातली आग परत आली. काका म्हणायचे, "आतली घाण निघून जातेय." एका सकाळी पहिला पेला पिऊन ते हंड्याकडे वळले आणि एकदम भडभडून उलटी झाली. खांद्यावरचा पांढरा पंचा त्यांनी तोंडाला लावला. पंच्यावर मोठा तांबूस डाग.

"अहो, हे रक्त आहे!" काकू किंचाळल्या.

"अगं, जास्वंद आहे ती," काका भिंतीला टेकून म्हणाले. चेहरा पांढराफटक, पण तोरा तोच. "जन्म गेला माझा लाल रंगवण्यात. मला लाल शिकवतेस? थोडं पडतो, बरं वाटेल."

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. पण काकूही रंगाऱ्याच्याच घरातल्या. गेले दोन महिने जास्वंदीच्या डागांची फडकी त्या सोड्याच्या पाण्यात टाकत होत्या आणि दर वेळी तो लाल डाग सोडा लागताच हिरवा-निळा पडायचा, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सोड्याचं पाणी आणलं. माझ्यातले दोन थेंब पंच्याच्या कोरड्या टोकावर टाकले, वर सोडा. झर्रकन हिरवट! मग तेच पाणी मोठ्या डागावर टाकलं. कडेला जरासं हिरवं झालं, पण मधला डाग तसाच राहिला, तपकिरी लाल, ढिम्म.

"बघा," काकू म्हणाल्या. "बघा नीट. हा रंग पालटत नाही."

काकांनी पाहिलं. इतकी वर्षं लोकांना रंग सांगणारा माणूस, त्या पंच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "दोन दिवस शौचालाही डांबरासारखं काळं होतंय. तुला सांगितलं नाही."

"चला," एवढंच काकू म्हणाल्या. गॅस बंद केला, शेजाऱ्यांची गाडी बोलावली आणि घर रिकामं झालं.

मी लाल पाण्यासकट कट्ट्यावर तशीच. पाणी गार झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई भावाचे कपडे न्यायला आल्या, मला पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. "मीच विष दिलं माझ्या भावाला," म्हणत त्या रडल्या. मला सांगावंसं वाटत होतं, ओतलं तर मीच ना, ताई. आम्ही दोघी अपराधी, समोरासमोर.

पाचव्या दिवशी काका घरी आले. आपल्या पायांनी चालत आले! माणसं म्हणतात जीव भांड्यात पडला. माझा कुठे पडला असेल, मी स्वतःच भांडं!

काकूंनी ताईंना सगळं सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. दुर्बिणीतून वाहती जखम बंद केली होती, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. डॉक्टरीणबाई काकूंना म्हणाल्या होत्या, "आणलंत ते फार बरं केलंत. पण पुढच्या वेळी सोड्याची परीक्षा घेत बसू नका. उलटीत लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं दिसलं, शौचाला काळं झालं, की सरळ दवाखाना." आणि जास्वंदीचं विचारलं, तर त्यांनी स्पष्ट सांगितलं, "जखम केली ती दुखण्याच्या गोळ्यांनी, आणि औषध सोडल्यानं ती चिघळली. जास्वंद काही विष नाही. पुष्कळांना ती चालते. पण ती आंबट आहे आणि पोटात जखम असताना आंबट झोंबू शकतं. तिनं अल्सर बरा होतो, असं माणसांवर नीट तपासून सिद्ध झालेलं मला तरी माहीत नाही. तेव्हा जखम भरेपर्यंत बंद. पुढे घ्यायची झाली तर आधी मला विचारा." ताई रक्तदाबाच्या गोळ्या घेतात हे कळल्यावर त्यांनी ताईंनाही निरोप धाडला, की या पेयानं रक्तदाब आणखी उतरू शकतो, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका.

ताई तावातावानं उठल्या. "ही किटली आधी भंगारात द्या. मला डोळ्यांसमोर नको."

मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. पण काका खाटेवरून म्हणाले, "ताई, बस. किटलीचा काय दोष? घातलं ते तिनं उकळलं. आणि तुझाही दोष नाही. तू मायेनं आणलंस. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझं तोंड शिवलं होतं का? औषध डब्यामागे कुणी दडवलं? मीच ना?" ताईंनी त्यांच्या डोक्यावर टपली मारली, मग तिथेच हात ठेवून बसून राहिल्या.

टवका उडालेल्या भांड्यात आंबट उकळायचं नाही, असंही काकूंनी त्या दिवशी ठरवलं. माझा गंज घासून काढला आणि मला फक्त शेकायच्या पिशवीचं पाणी तापवायचं काम दिलं. काकांच्या कंबरेला आता गोळीऐवजी शेक असतो. त्या शेकाचं पाणी माझं, याचा मला किती आनंद आहे! मला माळ्यावरून काढणाऱ्या, भंगारातून वाचवणाऱ्या या घराचे उपकार मी कसे फेडू?

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. हात नाहीत, कान जोडून समजा. घरात कुणाचं पोट दुखत असेल, तर त्यांना विचारा, डॉक्टरांना सगळं सांगितलंत का? गोळी, काढा, फूल, पान, सरबत, सगळं. औषध मधेच सोडलं नाहीत ना? तुम्ही लहान आहात, पण विचारायला काय हरकत आहे? मी विचारू शकले नाही. तुम्हाला तोंड आहे.

आज सकाळचीच गोष्ट. विजेच्या किटलीतलं कोमट पाणी काकूंनी काकांना दिलं, पुढ्यात औषधाची गोळी ठेवली. काकांनी गोळी गिळली, पेल्यात डोकावले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "नुसतं पाणी! ना रंग, ना चव. हे काय पिणं झालं? रोज आपलं तेच तेच."

काकू आधी हसल्या. मग पदर डोळ्यांना लावून तिथेच त्यांच्याजवळ बसल्या.

"करा कुरकुर," त्या म्हणाल्या. "रोज करा. मी ऐकतेय."