धाकट्याचा आवाज

दर रविवारी सकाळी साडेनऊला रेडिओवर दोन भावांची मालिका लागायची. धाकट्याने काहीतरी भानगड करून ठेवायची आणि थोरल्याने ती निस्तरायची, असा सगळा मामला. हे दोन आवाज ज्या मुलांचे होते ती एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत वाढलेली. सात वर्षांची असताना निर्मात्या बाईंनी त्यांना शाळेतून निवडून नेलं, आणि तेव्हापासून त्यांची खरी नावं फक्त हजेरीपुरती उरली. घड्याळजींचा मुलगा तो धाकटा आणि समोरच्या नर्सबाईंचा तो थोरला. खरं तर धाकटाच चार महिन्यांनी मोठा होता. पण त्याचा आवाज बारीक आणि लख्ख, म्हणून धाकटेपण त्याच्या वाट्याला आलं. त्याची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

सहा वर्षं दर गुरुवारी शाळा सुटली की दोघं एकाच बसने स्टुडिओत जायचे. टेबलावर जाड लोकर अंथरलेली असायची, म्हणजे कोपर टेकलं तरी आवाज नको. कागद उलटायचा नाही, अलगद उचलून बाजूला ठेवायचा. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले काका बोट दाखवायचे आणि हे दोघं एका मायक्रोफोनला दोन बाजूंनी तोंड लावून भांडायचे. भांडण कागदावरचं. खरं कधी झालंच नव्हतं.

तेराव्या वर्षी धाकटा अचानक ताडमाड वाढला. ओठावर मिसरूड दिसू लागली, हात कुठे ठेवावेत ते कळेना, आणि एका गुरुवारी "दादा, मी नाही फोडली" हे वाक्य "दादा"पर्यंत बारीक आणि पुढे थेट घोगरं निघालं. काका हसले, बाई हसल्या, थोरला तर टेबलाला धरून हसला. धाकटाही हसला. दुसऱ्या गुरुवारी तेच वाक्य सात वेळा घ्यावं लागलं. तिसऱ्या गुरुवारी कुणीच हसलं नाही.

त्यानंतर बाईंनी त्याला सांगितलं की रेकॉर्ड केलेले बरेच भाग शिल्लक आहेत, तेव्हा काही आठवडे सुट्टी. गळ्याला जरा विश्रांती दे. धाकट्याने ते खरं मानलं. तो सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने गुळण्या करू लागला, थंड पाणी सोडलं, खेळताना ओरडणंही सोडलं. थोरला रोज भेटत होता, पण घाईत असल्यासारखा. धाकट्याला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून असेल.

पाचव्या रविवारी आई इस्त्री करत होती, बाबा खिडकीशी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात शिरले होते. रेडिओ लागला. धाकटा भाऊ कपाटात अडकला होता आणि आतून दार बडवत होता.

कपाटाचा भाग त्याने कधी वाचलाच नव्हता.

तो उठून रेडिओच्या अगदी जवळ गेला. आवाज हुबेहूब त्याचा होता, गेल्या वर्षीचा. पण वाक्याच्या शेवटी श्वास घ्यायची जी सवय होती ती त्याची नव्हती. ती सवय कुणाची, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. शेवटी नावं वाचली गेली. "धाकटा भाऊ" म्हणून त्याचंच नाव, वडिलांच्या नावासकट, स्वच्छ उच्चारात.

आई म्हणाली की आजचा भाग फारच छान झाला. बाबांनी मान वर केली नाही. तेवढ्यावरून त्याला कळायचं ते कळलं.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं."

बाबांनी भिंग काढलं. बाईंचा महिन्यापूर्वीच दुकानात फोन आला होता. योग्य वेळ बघून सांगणार होतो, असं ते म्हणाले. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर लोकांची घड्याळं बरोबर लावून देणाऱ्या माणसाला अख्ख्या महिन्यात पोराशी बोलायला एक वेळ सापडली नव्हती. आईने इस्त्री उभी ठेवली आणि नवऱ्याकडे असं बघितलं की पुढची बोलणी आता तिच्यावर सोपवली तरी चाललं असतं. पण धाकटा थांबला नाही. चपला अडकवून खाली उतरला, तर फाटकाशी पेपरवाल्याने हटकलं. म्हणाला, मध्यंतरी तुझा घसा बसलेला वाटत होता, आज बघ कसा पहिल्यासारखा खणखणीत! धाकटा मूग गिळून पुढे गेला. तोंड उघडलं असतं तर घोगरा आवाजच बाहेर आला असता.

सोमवारी तो एकटाच बसने स्टुडिओत गेला. बाईंनी त्याला प्रेमाने खुर्ची दिली. त्या बोलत राहिल्या. हे सगळ्याच मुलांचं होतं, यात लाजण्यासारखं काही नाही, उलट तू मोठा होतो आहेस. तुला वाईट वाटू नये म्हणून आम्ही बोललो नाही. शिवाय पुढच्या महिन्यात एक पोस्टमन येतो आहे, चार वाक्यं आहेत, तुझ्या नव्या आवाजाला शोभतील.

"मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही मला ते रेडिओवरून सांगितलंत?" धाकट्याने विचारलं.

बाईंनी समोरचे कागद नीट लावले. मग म्हणाल्या, नाव तर तुझंच वाचतो ना आपण? ऐकणाऱ्यांचा गोंधळ नको, आणि तुझाही मान राहतो.

"काम त्याचं आणि नाव माझं. हा मान नाही, बाई. हे खोटं आहे."

आणि नेमका "खोटं" या शब्दावर आवाज फुटला. अर्धा शब्द छताला गेला, अर्धा पाताळात. कोपऱ्यातल्या टायपिस्ट बाईंनी ओठ चावून मान खाली घातली. पोस्टमन तुमचा तुम्हीच करा, असं काहीतरी पुटपुटून तो बाहेर पडला. त्यांनी त्याचं काम काढून घेतलं ते घेतलंच, पण धड रागावताही येऊ नये, याचा त्याला जास्त संताप आला. स्वतःचा गळाच असा फितूर झाल्यावर माणसाने भांडायचं तरी कशाने?

थोरला जिन्यात भेटला. हातात दुधाच्या पिशव्या, अजून धाकट्याच्या खांद्याइतकाच.

"किती भाग केलेस?"

"तीन," थोरला म्हणाला. "बाई म्हणाल्या, त्याला सांगू नकोस."

"आणि तू ऐकलंस. केसाने गळा कापलास माझा."

थोरल्याचे कान लाल झाले. त्याने पिशव्या पायरीवर ठेवल्या.

"नळावर तू हसलास."

धाकट्याला आधी कळेना. मग आठवलं. शाळेतल्या पाण्याच्या नळापाशी वरच्या वर्गातल्या पोरांनी थोरल्याला घेरलं होतं. बाळाला बाटली आणून देऊ का, दात आले का सगळे, असं चाललं होतं. धाकटा त्या पोरांतच उभा होता. त्यांच्याएवढा झाल्यापासून ती त्याला आपल्यात घ्यायची.

"सगळेच हसत होते," तो म्हणाला.

"तू सगळ्यांत मोठ्याने हसलास. नव्या आवाजात."

"ते वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

धाकटा कठड्याचं लाकूड नखाने उकरू लागला. थोरला पिशव्या उचलून वर गेला आणि दार लागलं. धाकटा कितीतरी वेळ जिन्यात धुमसत उभा राहिला. तो आपली बाजू शंभर टक्के खरी घेऊन आला होता आणि जाताना हे एक लचांड गळ्यात पडलं होतं. बरं, हसलो असेन. पण हसण्याची शिक्षा एवढी? आणि ती चोरून? दोन दिवस तो हिशोब जुळवत बसला, जुळला नाही.

बाबांशी तर तो बोलतच नव्हता. बाबा दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत आले, घसा खाकरला आणि परत गेले.

पुढच्या रविवारी रेडिओ लावायचा नाही असं धाकट्याने जाहीर केलं होतं. आईने तो तरीही लावला. भागाच्या शेवटी नावं नेहमी थोरलाच वाचायचा, आणि ती रविवारच्या आधीच्या गुरुवारी रेकॉर्ड व्हायची. त्या दिवशी इतर सगळी नावं वाचून झाल्यावर तो थांबला. मग स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाला:

"धाकट्याचं काम सहा वर्षं माझ्या मित्राने केलं." त्याने धाकट्याचं पूर्ण नाव घेतलं. "आता त्याचा आवाज फुटला आहे. गेल्या रविवारपासून ते काम मी करतो आहे."

लगेच वाद्यांचा तुकडा वाजला आणि कार्यक्रम संपला.

अख्ख्या शहराला कळलं! धाकट्याने तीन ढांगांत मधला पॅसेज ओलांडला आणि समोरचं दार ठोठावलं.

"आवाज फुटला हे तुला कुणी सांगायला सांगितलं होतं?"

"मग काय सांगायचं होतं?"

"काम सोडलं, एवढं म्हणायचं."

"तू कुठे सोडलंस?" थोरला म्हणाला. "त्यांनी काढलं तुला."

गेल्या सहा आठवड्यांत हा शब्द एकानेही उच्चारला नव्हता. सुट्टी म्हणाले, विश्रांती म्हणाले, मोठा होतो आहेस म्हणाले. धाकटा चौकटीला धरून उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं याचाही त्याला राग आला.

थोरल्याने खालच्या आवाजात बाकीचं सांगितलं. नावं वाचताना बाई फोनवर होत्या. नंतर त्यांनी ते वाक्य कापायला सांगितलं, तर काका म्हणाले की टेप केव्हाच प्रसारणासाठी पुढे गेली. बाई भयंकर चिडल्या होत्या. पुन्हा असं केलंस तर तुलाही घरी बसवीन, म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. मला ते काम करायचंय," थोरला म्हणाला. "मला ते आवडतं. तुला राग आला तरी."

राग आलाच. पण निदान हे तोंडावर सांगितलं होतं.

"नळावर मी हसायला नको होतं," धाकटा म्हणाला. घोगऱ्या आवाजात ते जरा खेकसल्यासारखंच निघालं.

थोरल्याने मान हलवली. माफ केलं की नाही, ते त्यातून कळलं नाही. धाकट्यानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत पोरं धाकट्याला "फुटका" म्हणू लागली आणि ते नाव वर्षभर टिकलं. गुरुवारची बस थोरला एकटाच पकडायचा. पोस्टमनचं काम दुसऱ्याच कुणी केलं. दोघं पुन्हा एकमेकांच्या घरी येऊ-जाऊ लागले, पण आता दार वाजवून. बाबांनी शेवटी एका संध्याकाळी, सगळं शहर सांगून मोकळं झाल्यावर, त्याला जवळ बसवून सांगायला सुरुवात केली की बाईंचा फोन आला होता. धाकट्याने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी आधी मला सांगा. मी रडलो तरी चालेल."