सांभाळून ये

माझा नवरा वायरमन. त्याचा कामावरचा जोडीदार विजेच्या खांबावरून पडून वारला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी एक सोपस्कार सुरू झाला. सुरू मीच केला, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू? नवरा दारात बूट घालायचा. मी खाली बसून त्याच्या डाव्या बुटाची लेस सोडायची, पुन्हा बांधायची आणि तीनदा म्हणायचं, सांभाळून ये. मध्येच फोन वाजला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा शेजारीण साखर मागायला आली आणि त्याची बस चुकली. सासूबाई म्हणायच्या, सून नवऱ्याला बालवाडीत धाडते. मीही हसायचे. पण दुपारी फोन वाजला की गाठ नीट बसली होती ना, एवढंच आठवत राहायचे.

काल दुकानात त्याच्या ऑफिसचा स्टोअरकीपर भेटला. नवऱ्याचं तोंडभर कौतुक करत होता. आठ महिन्यांपूर्वी नवरा स्टोअरमध्ये आला, तेव्हापासून म्हणे एकेक नटबोल्ट जागच्या जागी असतो.

आठ महिने. ज्याला मी रोज मरणाच्या दारातून ओढून आणत होते, तो पंख्याखाली बसून बोल्ट निवडत होता. राग यायला हवा होता, आला नाही. रडूही आलं नाही. घरी आले, कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या. आत सगळं बधिर होतं.

रात्री जेवताना विचारलं. खांबावर चढलं की पाय लटपटायचे, शेवटी साहेबांनीच खाली बसवलं, असं त्याने ताटात बघत सांगितलं. मग इतके दिवस लेस कशाला बांधून घेत होतास, यावर त्याने फक्त आमटी वाढून घेतली.

आज सकाळी मी दारात गेलेच नाही. भांडी विसळत राहिले. दार लागल्याचं ऐकू आलं. सुटले बाई एकदाची, असं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

दहा वाजता स्टोअरकीपरचा फोन आला. नवरा कामावर पोचला नव्हता. मी चपला घालून दार उघडलं, तर तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेला, डब्याची पिशवी मांडीवर.

"स्टोअरमध्ये कुठून पडणार आहेस तू?" मी विचारलं.

"कळतं गं मला," तो म्हणाला. "पण आज तू काही बोललीच नाहीस."