गुलाबाच्या चोथ्याचा गॅस

सलग तिसऱ्यांदा गॅसची टाकी बंद पडली, तेव्हा स्तोइमेन हसला नाही. तेच मला जास्त लागलं.

स्तोइमेनची गुलाबतेलाची भट्टी गुलाबांच्या या खोऱ्यात जुनी. मे-जूनमध्ये पहाटेपासून पोती भरभरून फुलं येतात, तांब्याच्या हंड्यांत उकळतात, तेल निघतं आणि उरतो चोथा. ओला, तपकिरी, आंबूस वासाचा. भट्टीमागे त्याचे ढीग लागतात आणि पावसात ते ओघळून ओढ्यात जातात. त्या चोथ्यापासून गॅस काढायचा आणि त्याच गॅसवर भट्टी पेटवायची, या कामासाठी मी प्लोवदिव शहरातल्या प्रयोगशाळेतून आले होते. शेणापासून होतो, तसाच हा गॅस. टाकी बसवली. आठ दिवस गॅस यायचा, नवव्या दिवशी दाबाचा काटा शून्यावर.

कारण मला ठाऊक होतं. गुलाबाच्या पाकळीतला तुरटपणा गॅस करणाऱ्या जिवाणूंना मारून टाकतो. उपाय मात्र सापडत नव्हता.

"डॉक्टरबाई, माझी फुलं तुमच्या किड्यांना मानवत नाहीत," स्तोइमेन एवढंच बोलला आणि आत गेला.

त्याच आठवड्यात गावच्या शाळेनं मला बोलावलं होतं. मी मुलांना टाकीचं चित्र काढून दाखवलं आणि ती का बंद पडते हेही सांगितलं. कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, तर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. तास संपल्यावर तेरा वर्षांची एक मुलगी मागे रेंगाळली. झोर्नित्सा. मेंढपाळ पेन्चोची धाकटी.

"मावशी, तुमचे जिवाणू गुलाबानं मरतात ना? मग आमच्या मेंढवाड्यातले कसे जगतात?"

पेन्चो गेली पंधरा वर्षं मेंढ्यांखाली पेंढ्याऐवजी भट्टीतला वाळलेला चोथा पसरत होता.

"जगतात हे तुला कुणी सांगितलं?"

"थंडीत खत उकरलं की वाफ येते."

"ती वाफ वेगळी गं. हवेतही खत तापतं. गॅस करणारे जिवाणू हवा नसेल तिथेच जगतात."

ती "बरं" म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं, विषय संपला.

महिन्याभरानं ती भट्टीवर आली, हातात वही घेऊन. त्यांच्या मिरच्यांच्या काचघरात उबेला तिनं नऊ बाटल्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडाला फुगा बांधलेला. तीन बाटल्यांत नुसता चोथा. पुढच्या तीन बाटल्यांत चोथा आणि आत्याकडच्या मेंढ्यांचं शेण, कारण आत्या मेंढ्यांखाली चोथा पसरत नाही. शेवटच्या तीन बाटल्यांत चोथा आणि स्वतःच्या वाड्यातलं खत. रोज शाळेतून आल्यावर ती फुग्यांचा घेर दोऱ्यानं मोजायची.

मी आकडे वाचत गेले. नुसत्या चोथ्याचे फुगे मलूल. आत्याच्या शेणाचे आठ-नऊ दिवस फुगून थांबलेले, थेट माझ्या टाकीसारखे. आणि वाड्यातल्या खताच्या दोन बाटल्या एकविसाव्या दिवशीही फुगत होत्या. तिसरीचा फुगा मात्र मलूलच.

"ही गळत असेल. सोडून दे," मी म्हटलं.

"का सोडू? फुगली नाही हे खरंच आहे ना?" ती जरा चिडली. "आणि गळत नाहीये. मी पाण्यात बुडवून दाबून बघितली, एक बुडबुडा आला नाही."

मग तिनं मागचं पान उलटलं. प्रत्येक बाटलीतलं खत कुठून घेतलं तेही तिनं टिपलं होतं. फुगणाऱ्या दोन्हींत वाड्याच्या तळाचं, हातभर खोल दबलेलं. तिसरीत वरच्या थरातलं, कोरडं.

तळाशी हवा नाही. पंधरा वर्षं वरून गुलाबाचा रस झिरपतोय. मरायचे ते जिवाणू केव्हाच मरून गेले. उरले त्यांना तुरटपणाची सवय झालेली. मी बारा वर्षं अशा जिवाणूंच्या शोधात होते आणि ही पोर नसती, तर त्यांच्यावरून चालत गेले असते.

तरी खात्री हवी होती. बाटल्या प्लोवदिवला नेल्या, गॅस तपासला. जळणारा गॅसच होता. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, तीस बाटल्यांवर. निकाल तोच.

मग आम्ही पेन्चोच्या वाड्यात खोदायला गेलो. तो कुंपणाला टेकून बघत होता.

"एवढं शिकून शेवटी माझ्या मेंढ्यांच्या बुडाखालचंच उकरायला आलात होय!"

"बाबा, फावडं द्या आणि गप्प बसा," झोर्नित्सा म्हणाली.

चार हातगाड्या खत टाकीत गेलं. नववा दिवस उजाडला तेव्हा स्तोइमेन, झोर्नित्सा आणि मी काट्यासमोर उभे होतो. काटा हलला नाही, म्हणजे खाली आला नाही. विसाव्या दिवशी होता त्याहून वर गेला.

पुढच्या जूनमध्ये एक हंडा आमच्या गॅसवर चढला. सगळी भट्टी नाही, एकच हंडा. स्तोइमेन निळ्या ज्योतीकडे वाकून बघत राहिला. दुपारी तेल निघाल्यावर त्यानं थेंब मनगटावर लावून हुंगला, एकदा, दोनदा.

"काय?" मी विचारलं.

"मेंढीचा वास नाही येत," तो म्हणाला आणि इतक्या मोठ्यानं हसला की बायका पोती टाकून बघायला आल्या. मग त्यानं सगळ्यांना ताक पाजलं.

शोधनिबंधात माझ्या नावाआधी झोर्नित्साचं नाव टाकलं. लेखकाच्या नावापुढे संस्था लिहायची असते. तिनं लिहिलं, 'पेन्चोचा मेंढवाडा'. संपादकांनी एकदा विचारलं, बरोबर आहे ना? मी कळवलं, अगदी बरोबर.

आता ती पंधराची आहे. शनिवारी बसनं प्लोवदिवला येते आणि माझ्या कपाटातल्या काचसामानाची हक्कानं उलथापालथ करते. परवा तिचा निरोप आला, नव्या तक्त्यात सातव्या ओळीतला आकडा चुकलाय. मी काढून बघितलं. चुकला होता.