बर्फातल्या देवाची अट

"ह्याची बायकू कंची?" बयाबाईनं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या देवाकडं बोट करून विचारलं.

"उर्गनला बायकू न्हाई, आई," अर्जुना खाटेवर उशीला टेकून म्हणाला.

बयाबाईला हे काही पटलं नाही. ती म्हसवडकडची, धनगराची लेक. तिकडं सिद्धनाथाचं लग्न दरसाल थाटात लागतं. बिनबायकोच्या देवाला पोरांची माया कुठून असणार? तरीही देव तो देव. तिनं त्याला उर्गनोबा म्हणायला सुरुवात केली आणि रोज सकाळी पडद्याला कुंकू लावू लागली. अर्जुना पुसायचा, ती पुन्हा लावायची.

अर्जुना सांगलीत कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. सत्त्याण्णव साली त्याच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा क्लासच्या सरांनी एक जुना कॉम्प्युटर माधवनगरच्या घरी पाठवून दिला. त्यात हा खेळ होता. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली माणसं, त्यांच्या लढाया, त्यांचे देव. तेवढ्यातच पोराचा जीव रमायचा.

"मेल्यावर कुटं जात्यात रं ही?" एकदा तिनं विचारलं.

"उर्गनच्या वाड्यात. पर लढताना, उभ्यानं मेला तरच. अंथरुणात मेलेल्याला दार उघडत न्हाईत. त्यो भायेर धुक्यात फिरत बसतोय."

"लय वंगाळ देव हाय ह्यो."

"खेळ हाय गं त्यो." असं म्हणाला खरा, पण हसला नाही. स्वतःच्या सुजलेल्या पायांकडं बघत राहिला. ते बघणं बयाबाईच्या काळजात रुतून बसलं.

तिनं नवऱ्याला सांगितलं. कामाला होता ती गिरणी बंद पडल्यापासून आप्पासो आधीच करवादलेला. "पोरगं हातचं चाललंय आन् तू खेळातल्या देवाला भितीस? खुळी हायस का?" तो ओरडला. घाबरलेला माणूस आधी बायकोवरच ओरडतो.

पौषातल्या एका दुपारी अर्जुनाला घरघर लागली. शेजारची रंगूबाई धावत आली आणि तिनं जमिनीवर घोंगडं अंथरलं. जीव जाताना माणसाला खाली घ्यायची रीतच आहे.

बयाबाईनं लेकाच्या काखेत हात घालून त्याला उचललं. पण घोंगड्यावर ठेवलं नाही, उभं केलं.

"आगं, काय करतीस?" आप्पासो पुढं होत म्हणाला.

"आवं, तुमी त्या अंगानं धरा की. उभ्यानं जाऊ दे माझ्या लेकराला."

आप्पासोनं तोंडाशी आलेली शिवी गिळली. आपल्या बापाची मेंढरामागची काठी कोपऱ्यात होती, ती त्यानं पोराच्या मुठीत दिली, मूठ आपल्या हातानं आवळून धरली आणि त्याचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला. अर्जुनाचं डोकं आईच्या मानेवर आलं. तो काहीतरी पुटपुटला, ते दोघांनाही कळलं नाही. मग हळूहळू त्याचा भार वाढला.

रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. "बयाक्का, गेला त्यो. ठिवा आता खाली."

बयाबाईनं लेकाला सोडलं नाही. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"जरा ऱ्हाऊ दे," आप्पासो म्हणाला. "त्या देवाला नीट बघू दे."