पाणवठ्याची रंगीत तालीम

जीप चौघांची आणि माणसं पाच, हे सूनबाईला शुक्रवारीच कळलं होतं. सांगायचा धीर मात्र रविवारी दुपारी झाला.

"जंगल सफारीच्या मोठ्या जीपा संपल्या," ती म्हणाली. "लहान एकच उरलीय, चौघांची. संध्याकाळी सहापर्यंत आपल्यासाठी धरून ठेवलीय. तोवर चार नावं भरायची. एकदा भरली की बदलत नाहीत."

बैठकीच्या खोलीत शांतता पसरली. या घरात शांतता पाहुणीच, त्यामुळे फार वेळ थांबली नाही.

"मग सरळ आहे की," नणंद म्हणाली. तिचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून वीस वर्षं काढलेली, त्यामुळे कुठलाही निर्णय ती ब्रेक दाबल्यासारखा द्यायची. "बाबांनी घरी राहायचं."

"का म्हणून?" सासऱ्यांनी विचारलं, आणि कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या.

"हे असं म्हणून!"

सासरे म्हणजे घाऊक फळबाजाराचा आवाज. अडतीस वर्षं पेट्यांच्या राशीवर उभं राहून त्यांनी लिलाव पुकारला होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण आवाजाला कुणी निवृत्त केलं नव्हतं. त्यांनी एखाद्याच्या कानात काही सांगितलं, की शेजारीण भिंतीपलीकडून त्यावर आपलं मत द्यायची.

आणि वाघाचं वेड मुळात त्यांचंच. बाजारात वजनकाट्यामागे एक कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावर पाण्यात बसलेला वाघ. वर्ष सरलं तरी ते कुणी काढलं नाही. पहाटेपासून सासरे त्या वाघाकडे बघत ओरडायचे. निरोप समारंभात लोकांनी त्यांना शाल आणि घड्याळ दिलं. त्यांनी दोन्ही बाजूला ठेवून कॅलेंडर मागून घेतलं. "एकदा याला समोरासमोर बघायचंय," असं ते म्हणायचे, आणि तेवढं एकच वाक्य म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा.

"पाणवठ्यावर गाडी बंद करून अर्धा अर्धा तास गप्प बसावं लागतं," नणंद म्हणाली. "बाबा आणि अर्धा तास? वाघाचं सोडा, झाडं जागा सोडून जातील."

"ताई, जरा बेतानं," सूनबाई म्हणाली. ती सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची, आणि घरी आल्यावर "आज किती हाडं?" असं विचारणारे या घरात एकटे सासरेच होते.

"आणि मी खाकी घालणार नाही, आत्ताच सांगून ठेवते," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "पोस्टमन दिसेन मी."

"आई, विषय तो नाहीये."

"तुमचा नसेल. माझा तोच आहे."

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. बाजारात सौदा पक्का व्हायचा तो याच थापेनं. "घ्या परीक्षा! आत्ताच्या आत्ता. सगळ्यांनी अर्धा तास गप्प बसायचं. जो पहिला तोंड उघडेल, तो घरी राहील. काय?"

"मान्य," नवरा म्हणाला. फ्रिज दुरुस्त करणारा, मितभाषी माणूस. आपली जागा पक्की, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. "ही घड्याळ बघेल."

"घड्याळ बघणारीही स्पर्धेतच हं," नणंदेनं बजावलं. "वशिला चालायचा नाही."

दोन खुर्च्या पुढे, दोन मागे आणि कडेला एक स्टूल. अशी जीप उभी राहिली. खिडकीत ठेवलेली तुडुंब बादली म्हणजे पाणवठा. सासऱ्यांनी गळ्यात दुर्बीण अडकवली. सव्वापाचला सूनबाईनं हात वर केला आणि जंगल सुरू झालं.

पहिली पाच मिनिटं सोपी गेली. मग घर बोलायला लागलं. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता, हे कुणाला माहीतच नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ लंगडत चालत होतं. आणि फ्रिज खरखरत होता. नवऱ्यानं कान टवकारले. गावभरचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या घरचाच कॉम्प्रेसर आजारी! तो खुर्चीत असा चुळबुळायला लागला, जणू आत कुणी आपलंच माणूस कण्हतंय. नणंदेनं डोळ्यांनीच त्याला जागेवर बसवलं.

सासूबाईंना झोप लागली. त्या बारीक घोरू लागल्या. घोरणं म्हणजे बोलणं का, असा प्रश्न चारही चेहऱ्यांवर उमटला. पण विचारणार कोण?

तेवढ्यात दूध चढलं.

गॅसवर दूध आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून पातेलं सगळ्यांना दिसत होतं. साय फुगली, काठाशी आली, जराशी थबकली. उठायला बंदी नव्हती, बंदी फक्त बोलण्याला होती. पण गप्प बसायचं म्हणजे हलायचंही नाही, अशी सगळ्यांची समजूत झालेली. चौघांनी डोळ्यांदेखत लिटरभर दूध उतू जाऊ दिलं. नणंदेचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक शोधत होता. शेवटी जळका वास सुटला, तेव्हा सूनबाई चोरपावलांनी गेली आणि गॅस बंद करून परत आली.

वीस मिनिटं झाली. सासरे अजून गप्प! नणंदेनं भुवया उंचावल्या. त्यात शंका होती, आणि थोडं कौतुकही.

आणि दारावर थाप पडली.

"अहो!" शेजारीण बाहेरून ओरडली. "आवाज नाही, काही नाही, वरून जळका वास. बरे आहात ना सगळे? अहो दादा, तुम्ही तरी बोला! की पोलिसांना बोलावू?"

सासऱ्यांना कुणी हाक मारावी आणि त्यांनी ओ देऊ नये, असं आयुष्यात घडलं नव्हतं. शब्द गळ्यापर्यंत आलेला दिसला. त्यांनी ओठ दाबले, गाल फुगवले, स्टूल दोन्ही हातांनी धरलं आणि श्वासच रोखून धरला. चेहरा लाल झाला, मग जांभळा. नजर त्या बादलीवर, हटेल तर शपथ.

छातीचा फोटो काढताना माणसाला श्वास रोखायला लावायचा आणि यंत्र वाजलं की सोडायला सांगायचा, हे सूनबाई दिवसातून पन्नासदा करायची. समोरची छाती थांबलेली दिसली आणि तिचं तोंड आपोआप उघडलं.

"सोडा! श्वास सोडा!"

सासऱ्यांनी तो सोडला. पडदे हलले.

"मी नाही बोललो!" ते गरजले. "ऐकलंत सगळ्यांनी? मी नाही बोललो!"

"आहेत, आहेत, जिवंत आहेत," बाहेरून शेजारीण म्हणाली आणि निघून गेली. सासूबाई दचकून जाग्या झाल्या. "दिसला का?" त्यांनी विचारलं.

"वहिनी गेली," नणंद म्हणाली. पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता.

मग सासऱ्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "छे, छे. असं कसं? सगळी धावपळ तिनं केली. मी राहतो घरी."

"तुम्ही का? मुळात खोडी मी काढली," नणंद म्हणाली. "मी राहते."

"मी राहतो," नवरा म्हणाला. "फ्रिज बघायला हवा."

"मला तसंही खाकी शोभत नाही," सासूबाईंनीही आपली जागा देऊन टाकली.

मघाशी चार जागांना पाच माणसं होती. आता चार जागा आणि माणूस एकही नाही. सूनबाईनं घड्याळ पाहिलं. सहाला दहा मिनिटं. ती संगणकापुढे बसली आणि पहिलं नाव टाकलं, सासऱ्यांचं. मग सासूबाईंचं, नवऱ्याचं, नणंदेचं. सासरे मागे उभे राहून वाचत होते, त्यांचा श्वास तिच्या मानेवर येत होता.

तिनं बटण दाबलं.

"वहिनी, तू एकटी तीन दिवस काय करणार?" नणंदेनं विचारलं. "वाटलं तर अजूनही मी—"

"झालं आता, बदलत नाही," सूनबाई घाईघाईनं म्हणाली. मनात जरा टोचलं, खोटं कशाला बोलायचं. जंगलाचा नकाशा तिनं पाठ केला होता. पण त्या टोचणीच्या मागे रिकामं घर, मंजूर झालेली रजा आणि कुणाचीही हाक न येणारी सकाळ अशी काही उभी राहिली, की तिनं चेहरा मुद्दाम पडलेलाच ठेवला.

जळकं पातेलं ती घासत होती, तेव्हा सासरे स्वयंपाकघरात आले. इकडे तिकडे बघून तिच्या कानाशी वाकले आणि चक्क कुजबुजले. खरीखुरी कुजबुज, भिंतीपलीकडे न जाणारी.

"सूनबाई, दिसला तर पहिला फोन तुला."

"पाणवठ्यावरून नको हं, बाबा."

"नाही नाही. फाटकाबाहेर आल्यावर. हळूच सांगेन."

"हळू कशाला?" ती म्हणाली. "फाटकाबाहेर आलात की तुमच्या आवाजात सांगा. मला इथं ऐकू यायला पाहिजे, फोनशिवाय."